भिंतीवरचा अकरावा

१

सुयशचा शाळेतला दिवस ब्लोअरने सुरू व्हायचा. खोलीचं कुलूप काढायचं, बूट दाराबाहेर सोडायचे, दहा कम्प्युटरांवर घातलेल्या जुन्या साड्या उचलून घडी घालायच्या आणि एकेका डब्याच्या जाळीत ब्लोअरचं तोंड खुपसून रात्रीत साठलेली रानाची धूळ बाहेर काढायची. धुळीबरोबर कधी मुंगळे निघायचे, कधी पालीचं अंडं. एकदा कोपऱ्यातल्या डब्यातून ज्वारीच्या भाकरीचा तुकडा निघाला होता. तो तिथे कसा गेला याचा शोध सुयशने घेतला नाही. वाडीच्या शाळेत कम्प्युटर चालवायचे तर काही प्रश्न तसेच सोडून द्यावे लागतात, एवढं शहाणपण त्याला आलं होतं.

सुयश देऊळगावकर नवीन जालन्यातला. वडील गिरिधरराव बँकेत. मुलगा हुशार निघाला म्हणून त्यांनी त्याला पहिलीपासूनच पुण्याला मामाकडे ठेवलं. तिथून तो बंगळुरूला गेला, तिथून नेदरलँड्सला. तिकडची चांगली नोकरी सोडून तो गेल्या वर्षी परत आला आणि आईने केलेल्या पुरणपोळ्या संपायच्या आत त्याने जाहीर केलं, की आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यात लहान शाळांमध्ये कम्प्युटर बसवायचे आणि ते चालू ठेवायचे. बसवणारे पुष्कळ असतात. चालू ठेवणारे नसतात. आपण चालू ठेवणारे.

"चालू ठेव," गिरिधरराव म्हणाले होते. "आधी एक शाळा चालू ठेवून दाखव, मग बोलू."

ती एक शाळा म्हणजे ही. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे, दोन ओढे ओलांडून असलेल्या वाडीची. पहिली ते चौथीचे वर्ग, आणि चौथीत नऊ मुलं. एका बियाणे कंपनीने दहा कम्प्युटर दिले होते आणि तालुक्याने अट घातली होती. विस्तार अधिकारी सत्यशीला मॅडम सोमवारी येऊन पाहणार. दहाच्या दहा चालू असतील आणि वापरात असतील तर ते वाडीत राहतील. नसतील तर त्याच दिवशी टेम्पोत भरून मोठ्या गावच्या शाळेत जातील. मोठ्या गावात एक लॅब आधीच होती. तिथल्या कम्प्युटरांवर आहेराच्या साड्या घातलेल्या होत्या आणि त्या कोणी काढत नव्हतं. सुयशच्या मागे आणखी बारा वाड्या रांगेत उभ्या होत्या. इथून टेम्पो भरून गेला असता, तर त्या वाड्यांना कोणी माउससुद्धा दिला नसता.

तेव्हा सगळं बरोबर चालू असणं भाग होतं. आणि सगळं चालूही होतं, एक गोष्ट सोडून. रोज संध्याकाळी इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असायची आणि रोज सकाळी ती रिकामी असायची.

२

रिकामी म्हणजे साफ रिकामी. बटण दाबलं की इन्व्हर्टर एकदा कुईं करायचा आणि मान टाकायचा.

बॅटरी नवी होती. सुयशने तिचं पाणी तपासलं, टर्मिनल घासले, व्हॅसलीन लावलं. मग ती बदलून दुसरी आणली. दुसरीही सकाळी रिकामी.

"चोरी," मुख्याध्यापक रामप्रसाद सर म्हणाले. हा जाडजूड, दयाळू माणूस वीस वर्षं शाळेची कुलपं लावून लावून जगाकडे कुलपाच्या बाजूनेच बघायला लागला होता. "कोणीतरी आकडा टाकून राह्यलंय, सुयशसर."

"आकडा लोक खांबावर टाकतात, सर. बॅटरीवर कोण टाकेल?"

"तुम्ही बाहेर शिकलात. आमच्याकडचे लोक काय काय करतेत तुम्हाला माहीत न्हाई."

मग संशय पुष्पाबाईंवर गेला. पुष्पाबाई खिचडी शिजवायच्या. त्यांच्या कमरेला मोबाइल आणि मोबाइलला चार्जर कायम लटकलेला असायचा.

"पुष्पाबाई, तुम्ही इथं मोबाइल लावता का?" रामप्रसाद सरांनी चौकशी आरंभली.

"लावते की."

"बघा! कबूल!"

"दिवसा लावते, लाईट असली तर. आन सर, माझा एवढासा मोबाइल तुमची ती दगडासारखी बॅटरी पिऊन टाकतो व्हय? मंग तो मोबाइल कशाला ठेवू मी? त्याच्यावर मोटर लावीन ना विहिरीला!"

सुयशला हसू आलं. चौकशी तिथेच संपली. त्याने मग आपल्या पद्धतीने काम करायचं ठरवलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्याने खोलीतला प्रत्येक प्लग उपटून काढला. दहा कम्प्युटर, दहा मॉनिटर, राउटर, पंख्याचं बटण, सगळं. मग क्लॅम्प मीटर काढला. हे उपकरण चिमट्यासारखं असतं. वायरला नुसतं धरलं की आतून किती वीज वाहतेय ते सांगतं. इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या वायरीला त्याने चिमटा लावला.

शून्य यायला हवं होतं.

शून्य आलं नाही. त्याने चिमटा काढला, झटकला, पुन्हा लावला. आकडा तोच. हललासुद्धा नाही. सुयशला ते आकडे ओळखीचे होते. पुण्यात मामाच्या घरी एक जुना, पोट सुटलेल्या मॉनिटरचा कम्प्युटर होता. तसला एक चालू ठेवला की साधारण एवढी वीज खातो.

तो खोलीच्या मध्यावर उभा राहिला. दहा टेबलं, उपटलेल्या वायरींचे गुंते, आणि समोरच्या भिंतीवर धर्मराज गुरुजींनी रंगवलेलं चित्र. दुसरं काहीच नव्हतं.

३

ते चित्र म्हणजे वाडीचं भूषण होतं. पंधरा-एक वर्षांपूर्वी, शाळेला कम्प्युटर मिळणार मिळणार म्हणून नुसती हवा होती तेव्हा, धर्मराज गुरुजींनी वाट बघून कंटाळून भिंतीवरच एक कम्प्युटर काढला. ऑइल पेंटमध्ये, खऱ्याच्या चौपट मोठा. पोट सुटलेला मॉनिटर, खाली मराठी अक्षरांचा कीबोर्ड, माउस, आणि माउसची शेपटी. गुरुजींचा हात नेमका होता. मॉनिटरच्या मागून निघालेली काळी वायर त्यांनी फरशीपर्यंत आणली होती आणि तिथे एक स्विचबोर्डही रंगवला होता. बटण खाली दाबलेलं. चालू.

मुलं त्या भिंतीवर शिकली. रांगेत उभं राहायचं, आपला नंबर आला की बोटाने कळा दाबायच्या आणि तोंडाने टक टक म्हणायचं. गुरुजी मागून सांगायचे, "बघू नको कळीकडं, माझ्याकडं बघ." सकाळची हजेरीही ते एकेकाचं नाव त्या कळांवर टाइप करून घ्यायचे. त्यामुळे झालं असं, की सुयश खरे कम्प्युटर घेऊन आला तेव्हा चौथीतली पोरं पहिल्याच दिवशी खाली न बघता असं टाइप करू लागली, की तो थक्क झाला. नेदरलँड्समधल्या मित्रांना त्याने व्हिडिओही पाठवला. त्यातली एक गोष्ट मात्र त्याला नंतर खटकली होती. मुलं खाली कीबोर्डकडे बघत नव्हती, पण समोर स्क्रीनकडेही बघत नव्हती. सगळी भिंतीकडे बघत होती.

शनिवारी सकाळी बॅटरी अर्थातच रिकामी होती. सुयश वायर तपासत गुडघ्यांवर बसला होता. तेव्हा आकांक्षा जवळ येऊन उभी राहिली. आकांक्षा चौथीची मॉनिटर होती, आणि ते पद तिने मनावर घेतलं होतं.

"सर, तुम्ही काय हुडकून राह्यलात?"

"वीज कुठे जाते ते शोधतोय."

"त्याच्याकडं," ती म्हणाली आणि हनुवटीने भिंत दाखवली. "तो चालूच हाय ना."

"कोण?"

"मोठा. आधी आम्ही रोज बंद करून घरी जायचो. शेवटचा जो असंल त्यानं बंद करायचा, असा गुरुजींचा नियम होता. आता तुमचे नवीन आले, तर त्याला कोणी बंदच करत न्हाई."

बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. सुयशला या गोष्टीचा राग यायला हवा होता आणि तो आला. विजेचं मोजमाप शिकवायला आपण इतक्या लांबून आलो, आणि इथे चित्राला बॅटरी लागते म्हणताहेत! त्याने मुलांना खाली बसवलं आणि भाषण दिलं. वीज म्हणजे काय, वायर म्हणजे काय, चित्र म्हणजे काय, आणि आपण विज्ञानाच्या खोलीत बसून असल्या गोष्टी बोलू लागलो तर आपलं काय होईल. बोलता बोलता त्याचा आवाज चढला, डोळे चमकले. ते भाषण खरोखर चांगलं होतं. मुलांनी ते मन लावून ऐकलं.

"समजलं?"

"हो सर."

"काही शंका?"

आकांक्षाने हात वर केला. "मंग आज बंद करून जाऊ का?"

"नाही! कोणीही भिंतीला हात लावणार नाही!"

रामप्रसाद सरांनी त्याला बाजूला घेतलं. "सुयशसर, काय जातंय आपलं? करू द्या ना पोरायला बंद. दोन मिनिटांचं काम. सोमवारी मॅडम येऊन राह्यल्या."

"सर, तुम्हीपण?"

"मी कुठं काय म्हणतो? माझा बिलकुल विश्वास न्हाई." सरांनी भिंतीकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवला. "पण गुरुजी रिटायर झाल्यावर मी स्वतः दोन-तीनदा बंद केलेला हाय."

४

सुयशने गुरुजींना फोन लावला. गुरुजी आता नाशिकला मुलाकडे असतात. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून संभाषण बराच वेळ नाशिकच्या थंडीवर आणि जालन्याच्या मोसंबीवर फिरत राहिलं. शेवटी सुयशने ओरडून विचारलं, "गुरुजी, ती भिंतीवरची वायर! तिच्या मागे खरी वायर टाकली होती का?"

"छे छे! तवा शाळेत लाईटच नव्हती. कंदिलावर रंगवलं मी ते."

"मग पोरं म्हणतात तो चालू आहे!"



"मी निस्तं चित्र काढलं होतं, बाळा," गुरुजी म्हणाले. "चालू पोरायनी केला."

एवढं बोलून त्यांनी मोसंबीचा भाव विचारला आणि फोन ठेवून दिला.

सुयशचा निर्णय तिथेच झाला. रविवारी सकाळी तो पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा आणि रोलर घेऊन एकटाच शाळेत आला. प्रोजेक्टरला पांढरी भिंत हवीच होती. आणि चित्रच राहिलं नाही की चर्चाही राहणार नव्हती. एका लहान शाळेत विज्ञान आणायचं तर कुणीतरी वाईटपणा घ्यायलाच पाहिजे. बाहेर ऊन होतं, लिंबावर साळुंक्या भांडत होत्या, आणि कापसाचं ओझं वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर कुणाच्या तरी लग्नाची गाणी वाजत होती. जगात भीती वाटण्यासारखं काही नव्हतं.

त्याने रोलर फिरवला. आधी माउस गेला, मग कीबोर्ड, मग तो पोट सुटलेला मॉनिटर. दोन हात दिल्यावर भिंत गाईच्या दुधासारखी पांढरी झाली. सुयश मागे सरकून बघत उभा राहिला.

भिंत वाळू लागली. पण सगळीकडे सारखी वाळेना. कडा ओल्या होत्या, वरचा भाग ओला होता, आणि मधोमध एक चौकोन वाळून खडखडीत झाला होता. त्याच्या खाली एक आडवा पट्टा. पट्ट्याच्या शेजारी मुठीएवढा एक गोल.

त्याने चौकोनावर तळहात ठेवला. भिंत गरम होती. तासन् तास चालवलेल्या मॉनिटरच्या डोक्यावर मांजर येऊन बसतं, तेवढी गरम.

ऊन, तो मनाशी म्हणाला. पलीकडून ऊन लागत असणार. तो वळसा घालून पलीकडे गेला. पलीकडे पुष्पाबाईंची धान्याची खोली होती. खिडकी नव्हती. तांदळाची पोती भिंतीला टेकून रचलेली होती आणि भिंत माठासारखी गार होती.

तो परत आला, रोलर धुतला, डब्याचं झाकण ठोकून बसवलं. विटांमध्ये उष्णता साठून राहते, असं त्याने ठरवलं. कुठल्या विटांमध्ये आणि कुठून आलेली, ते ठरवायचं त्याने बाकी ठेवलं.

५

सोमवारी सकाळी बॅटरी रिकामी होती, आणि खांबावरची लाईटही गेलेली होती.

"डीपी जळाला," रामप्रसाद सरांनी ओट्यावरूनच बातमी दिली. त्यांनी इस्त्रीचा सफारी घातला होता आणि हातात नारळ धरला होता. "पार हसनाबादपर्यंत गेलीय म्हणतेत. जनरेटर बघू का कोणाचा?"

जनरेटर मंडपवाल्याकडे होता आणि मंडपवाला लग्नाला गेला होता. जनरेटरही त्याच्याबरोबर लग्नात होता.

मुलं आली. बूट-चपला काढून ओळीने आत शिरली आणि पहिलाच पोरगा दारात असा थांबला, की मागचे त्याच्यावर आपटले. सगळी पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली. कुणी रडलं नाही, ओरडलं नाही. आकांक्षा पुढे झाली. सुयशला वाटलं, आता ही रागावणार. पण तिचा चेहरा काळजीचा होता. शेजारणीने गॅस चालू ठेवून कुलूप लावलं हे कळल्यावर बायकांचा होतो तसा.

"सर, तुम्ही बंद करून मंग रंगवला ना?"

सुयशने जवळच्या टेबलावरची एक वायर सरळ केली.

"चालूच होता?" तिने विचारलं. "आता बटण कुठं हाय त्याचं?"

"आकांक्षा, तिथे आता काही नाही. भिंत आहे."

"हो सर," ती समजुतीने म्हणाली. "पण त्याला कुठं माहीत हाय?"

तेवढ्यात ओढ्याच्या उतारावर जीपचा आवाज आला. रामप्रसाद सर "पोरांनो, बसा बसा, हाताची घडी!" असं ओरडत नारळासकट बाहेर धावले. आकांक्षाला सुयशशी आणखी काहीतरी बोलायचं होतं. त्याने तिला जागेवर बसायला सांगितलं.

नऊ मुलं नऊ कम्प्युटरांपुढे बसली. दहाव्याची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून सुयश स्वतः तिथे बसला. दहा काळ्या स्क्रीनमध्ये दहा चेहरे दिसत होते.

६

सत्यशीला मॅडम उंच, पिकल्या केसांच्या आणि सरळ बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी नारळ घेतला, शाल घेतली, चहा नाकारला. भिंतीकडे पाठ करून त्या मुलांसमोर उभ्या राहिल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

"खोली छान स्वच्छ आहे. भिंत विशेष छान. आता चालू करा बरं."

"मॅडम, लाईट थोडी..." रामप्रसाद सर म्हणाले.

"लाईट सगळ्यांकडेच जाते हो सर. इन्व्हर्टर आहे ना? मी मघाशी पाहिला." मग त्या सुयशकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्यानेच त्याला जास्त लागलं. "देऊळगावकर, तुमची तळमळ मला माहीत आहे. पण बंद कम्प्युटर चालू आहेत असं मी लिहू शकत नाही. टेम्पो मागून येतोय. काही सांगायचंय?"

सुयशला पुष्कळ सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि त्याची नजर मॅडमच्या खांद्यावरून भिंतीवर गेली.

पांढऱ्या रंगाखाली, हरभऱ्याएवढा, एक उंचवटा उठला. आणि बसला.

मग थोडा डावीकडे दुसरा उठला, बसला. मग खालच्या ओळीत एक. आवाज अजिबात नव्हता. ओल्या कपड्याखालून कुणीतरी आतल्या बाजूने बोट टेकवावं, तसे ते उठत होते. जिथे पूर्वी कळा होत्या नेमक्या तिथे. सावकाश, टापटीप. वय झालेल्या माणसाच्या हस्ताक्षरासारखे.

सुयशने डोळे मिटून उघडले. रंगाला फुगे धरतात, तो मनाशी म्हणाला. ओल असली की धरतात. मग त्याने मुलांकडे पाहिलं, आणि नऊच्या नऊ मुलांचे ओठ हलत होते. त्या कळा त्यांना पाठ होत्या. ती वाचत होती.

"हजेरी सुरू झाली," कुणीतरी कुजबुजलं.

आकांक्षा ताडकन उभी राहिली. "हजर, सर!"

तिच्यापुढचा कम्प्युटर टिंग करून सुरू झाला.

मॅडम दचकल्या. भिंतीवर पुन्हा उंचवटे उठले, बसले. दुसरा पोरगा उभा राहिला. "हजर, सर!" टिंग. मग तिसरी, मग चौथा. एकेक स्क्रीन निळी होत गेली. डोक्यावरचा पंखा जागचा हलला नव्हता. इन्व्हर्टरचा दिवा विझलेलाच होता. सुयशला मान वळवून ते बघायचं होतं, पण मान वळवायची म्हणजे भिंतीकडे पाठ करावी लागणार होती.

"अरे वा!" मॅडमचा चेहरा उजळला. "आवाजावर चालतात की काय हे?"

"बिलकुल, मॅडम!" रामप्रसाद सरांचा सफारी घामाने पाठीला चिकटला होता, पण वीस वर्षांची नोकरी मदतीला धावली. "नवीन टेक्निक हाय. पोरानं हजर म्हटलं की चालू. गैरहजर असंल तर... तर चालूच होत न्हाई. फसवायचं कामच न्हाई."

"आणि उभं राहून 'सर' म्हणतात! ही शिस्त मोठ्या गावात नाही हो. तिथे पोरं बसून च्युइंगम खातात."

नववा टिंग झाला. मॅडमनी पेन कागदाला लावलं, खोलीभर नजर फिरवली, आणि पेन थांबलं.

"हा दहावा राहिला. देऊळगावकर, तुमचा?"

सुयशच्या पुढची स्क्रीन काळी होती. भिंत थोडा वेळ सपाट राहिली. मग एक उंचवटा उठला.

त्याला त्या कळा पाठ नव्हत्या. पण आकांक्षाला होत्या, आणि तिचे ओठ त्याच्या बाजूने हलत होते. दे. ऊ. ळ. गा. व. क. र. थोडं थांबून, सु. य. श. आणि मग, हजेरीत लिहितात तसं, वडिलांचं नाव.

सुयश या जिल्ह्यात एक दिवसही शाळेत गेला नव्हता. इथल्या कुठल्याच शाळेच्या पटावर त्याचं नाव असायचं काही कारण नव्हतं.

"सर, म्हणा ना," आकांक्षा हळूच म्हणाली. "तो एकदाच विचारतो."

त्याला शनिवारचं आपलं भाषण आठवलं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि अजूनही त्याला खरंच वाटत होतं. मग त्याला ओढ्यावरून टेम्पो उतरल्याचा आवाज आला. नऊ मुलं नऊ निळ्या उजेडांत बसून त्याच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या मागे अजून बारा वाड्या होत्या.

सुयश उभा राहिला. का कोण जाणे, त्याने हाताची घडी घातली.

"हजर, सर," तो म्हणाला.

आवाज त्याचाच होता, पण आठ-नऊ वर्षांचा असताना होता तो.

टिंग.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "सरसुद्धा उभे राहून! उत्तम!" त्यांनी झोकदार सही ठोकली. "दहाही इथेच राहतील. आणि त्या बारा वाड्यांचा प्रस्ताव माझ्याकडे आणून द्या, मी स्वतः पुढे पाठवते." टेम्पो रिकामा परत गेला. जीप गेली. रामप्रसाद सरांनी ओट्यावर बसून मॅडम विसरून गेलेला नारळ फोडला आणि खोबरं खाता खाता डोळे पुसले. पुष्पाबाईंनी त्या दिवशी खिचडीत शेंगदाणे घातले. दिवसभर कम्प्युटर चालले. पोरांनी नकाशे बघितले, चित्रं रंगवली, आणि सुयशने त्यांना जे जे दाखवायचं ठरवलं होतं ते सगळं दाखवलं. इतका चांगला दिवस त्याच्या नशिबी कधी आला नव्हता. तो खोलीभर हसत फिरत होता आणि भिंतीकडे मात्र बघत नव्हता.

संध्याकाळी घंटा झाली. मुलांनी आपापले कम्प्युटर बंद केले, त्यांच्यावर साड्या घातल्या. मग दप्तरं पाठीला लावून ती भिंतीसमोर रांगेत उभी राहिली.

"जाऊ का, सर?" आकांक्षाने भिंतीला विचारलं. एक उंचवटा उठला, बसला. ती पळाली. तिच्या मागचा आला. "जाऊ का, सर?" उंचवटा. तोही पळाला. असं करत नऊच्या नऊ गेली. त्यांच्या चपलांचा फटफटाट ओढ्याकडे उतरत गेला आणि थांबला.

सुयशने बॅग खांद्याला लावली. तो दारापर्यंत गेला, बूट घालायला वाकला, आणि तिथेच थांबला. बाहेर अजून चांगला उजेड होता. आईचा फोन येऊन गेला होता. दारातून पाऊल बाहेर टाकायला काहीही अडचण नव्हती. त्याने उगाच मागे वळून पाहिलं.

"जाऊ का?" त्याने विचारलं. आणि घाईने जोडलं, "सर?"

भिंत सपाट राहिली.

तो थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. मग बूट बाहेरच ठेवून परत आला, आणि दहाव्या कम्प्युटरच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला.

रामप्रसाद सर किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात आले. "चला सुयशसर, कुलूप लावतो. आज तुम्ही जिंकलात! काय बसलात?"

"लावू नका सर इतक्यात," सुयश भिंतीवरची नजर न काढता म्हणाला. "मला अजून सोडलं नाही."